सिंकखालची फळी

सिल्वासा, १० ऑगस्ट २०२५

नाना,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. ओळखूनही फोडलं असेल तर उपकार. फोडलं नसेल तर भारतीवहिनी फोडतील, म्हणून त्यांनाही नमस्कार.

नऊ वर्षांनी थोरल्या भावाला लिहितोय आणि लिहितोय ते स्वयंपाकघराच्या कपाटांबद्दल. हसू आलं तर येऊ द्या.

ओट्याखालची आमची कपाटं गेली. बारा वर्षं टिकली. गेल्या महिन्यात मंजुषानं तेलाचा डबा काढायला दार ओढलं आणि ते बिजागरीसकट तिच्या हातात आलं. ते तसंच धरून तिनं मला हाक मारली, "अहो, या. दार उघडलंय." मी वाकून आत हात घातला. सिंकखालची फळी भिजलेल्या खारी बिस्किटासारखी झाली होती. बोट टेकवलं की आत जात होतं. बोर्डाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी करणाऱ्याच्या घरात ही अवस्था. मंजुषाही हेच म्हणते, फक्त जास्त शब्दांत.

आता खडोलीच्या आमच्या कारखान्यात भुश्याच्या बोर्डाबरोबर प्लायही बनतो. मी तपासणीच्या खोलीत असतो. तिथून माझी सही घेतल्याशिवाय थप्पी बाहेर जात नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून लिहिलं, मोठेपणा म्हणून नाही. थोडा मोठेपणा आहे.

तर विचारायचं ते असं. सांगाडे प्लायचे करावे की सागाचे? इथं चार महिने हवेतच पाणी असतं. चामड्याच्या पट्ट्याला कपाटात टांगल्या टांगल्या बुरशी येते. तुमच्याइतकं लाकूड ओळखणारा माणूस मला माहीत नाही. तुम्ही स्वतः आलात तर विचारायचीही गरज उरणार नाही, पण तसं म्हणायचं धाडस करत नाही.

दोंडाईचाच्या चंदाताईंच्या कामाचा विषय मी उकरून काढत नाही. त्यांच्याकडे नळ गळत होता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. माल चांगला होता. असो.

फोन करणार होतो. पण तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर काय बोलायचं ते मला सुचत नाही. लिहिताना थांबता येतं.

कपाटं काढायची तर भिंतीवरचा देव्हाराही उतरवावा लागेल. माझ्या लग्नात तुम्ही करून दिलेला. त्याला हात लावायचं जिवावर आलंय.

संजय


सिल्वासा, २६ ऑगस्ट २०२५

नाना,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी रोज संध्याकाळी खालच्या पत्रपेटीत डोकावतो. वॉचमन विचारतो, "मिस्तरीभाई, कोर्टाची नोटीस येणार आहे काय?"

मी आणि पल्लवी दुकानं फिरलो. पल्लवी आता वीस वर्षांची आहे, वापीला कॉलेजात जाते. तिला चकचकीत, राखाडी, काचेसारखं हवं. मी प्रत्येक दुकानात ढोपरावर बसून खालून फळीची कड बघायचो. तिला लाज वाटायची. "बाबा, लोक कपाट बघायला ढोपरावर बसत नाहीत."

"आबा बसायचे," मी म्हणालो.

"आजोबा सुतार होते."

"मग मी कोण?"

यावर तिनं पुढच्या दुकानाचं दार ढकललं.

एका शोरूमच्या पोरानं सांगितलं, "अंकल, वॉटरप्रूफ छे. लाइफटाइम." मी म्हटलं, हातभर तुकडा द्या, उकळून बघतो. तो म्हणाला, "अंकल, किचन बनाना है या सूप?" पल्लवी इतकी हसली की तिची लाजच गेली. पुढच्या दुकानात तिनंच तुकडा मागितला. सहा दुकानांपैकी तिघांनी दिला. चौथा तुकडा आमच्या कारखान्यातला, मी स्वतः पास केलेल्या थप्पीतला.

नाना, प्लायची खरी परीक्षा उकळत्या पाण्यात होते. बहात्तर तास. थराथरांमधला गोंद चांगला नसेल तर तिथं सगळं सुटतं. कारखान्यात त्यासाठी टाकी आहे, पण बाहेरचे तुकडे तिथं टाकणं बरं नव्हे. म्हणून घरीच जुन्या पातेल्यात घातले. कोपऱ्याला खाचा पाडल्या, एक, दोन, तीन, चार, म्हणजे ओळख राहील. दिवसभर उकळायचे, झोपताना बंद, सकाळी पुन्हा. बहात्तर तास भरायला नऊ दिवस लागले. मंजुषा म्हणाली, "लोकांकडे गणपतीच्या आधी मोदकांची तयारी. आमच्याकडे प्लायची आमटी."

एका खाचेचा तुकडा दुसऱ्याच दिवशी जुन्या वहीसारखा पानापानानं उघडला. त्यावर सर्वांत उच्च प्रतीचा छाप होता. दोन खाचांचा फोड येऊन फुगला. तिसरा कडेला सुटला. चौथ्याच्या थरात मी सुरी घालून बघितली. सुरीचं टोक वाकलं, थर सुटला नाही. सुरी मंजुषाची होती, तो भाग वेगळा. पण मी तो तुकडा हातात घेऊन बक्षीस मिळालेल्या पोरासारखा घरभर फिरलो. आमचा माल, नाना.

काल देव्हारा उतरवला. आधी देव ताटात काढून ठेवले, क्षमा मागितली, मग खुंट्या सोडल्या. चोवीस वर्षं इथल्या दमट हवेत, रोज समईच्या धुरात. एकही खिळा नाही, आणि एकही सांधा केसभर हललेला नाही. खाली धरून पालथा केला तर बुडाला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: "रघुनाथ. आबा सुताराचा थोरला. संजूच्या घराला. वैशाख, २००१."

मला हे माहीतच नव्हतं. आबा तसंच करायचे ना. काम संपलं की कानामागची पेन्सिल काढायची आणि फळीच्या पोटाला, जिथं कुणी बघणार नाही तिथं नाव घालायचं. मी लहानपणी विचारलं होतं, कुणाला दिसत नाही तर लिहायचं कशाला? म्हणाले, "देवाला दिसतं. आणि मोडलं तर सुताराला दिसतं."

वहिनींचा भाचा ओंकार इथं सुताच्या गिरणीत लागलाय. रविवारी जेवायला आला होता. मी त्याला देव्हाऱ्याचं बूड दाखवलं. तो म्हणाला, "काका, नाना आता नाव नाही लिहीत. कुठल्याच कामावर नाही. ती चंदाबाईंची फळी टांगलीय ना डोळ्यांसमोर, रंध्याच्या बाकावर." आणि तो भाताकडे वळला.

मी उठून देव्हारा पुन्हा सुलटा ठेवला. पुढचं आज लिहवत नाही. उद्या गणपती बसतात.

संजय


सिल्वासा, १४ सप्टेंबर २०२५

नाना,

आज आबांची तिथी. सकाळी नैवेद्य दाखवला. कावळा गॅलरीच्या कठड्यावर लगेच आला, पण शिवला नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला. मी मनात म्हणालो, लिहितो. आज लिहितो. मग त्यानं घास उचलला.

आधीच्या दोन पत्रांत तुला "तुम्ही" लिहिलं. हात तसाच चालला. आज जे सांगायचंय ते "तुम्ही"ला सांगता येणार नाही.

चंदाताईंच्या स्वयंपाकघराला मी पाठवलेला माल नापास होता. मला ते माहीत होतं.

त्या वेळी आमच्याकडे बोर्डाचा तुकडा दिवसभर पाण्यात ठेवून जाडी मोजायचे. त्या थप्पीचा तुकडा फुगला. साहेबांनी सगळ्या फळ्यांवर खडूनं फुली मारायला सांगितली. मीच मारली. असा माल कामगार घरी नेत असत, कुणी खुराड्याला, कुणी पोटमाळ्याला. तुला टेंपोतून पाठवायच्या आधी मी ओल्या फडक्यानं एकेका फळीवरची फुली पुसली. एकवीस फळ्या. पुसताना मला वाईटसुद्धा वाटलं नाही, हे लिहायला सर्वांत कठीण जातंय.

का केलं? तुला आठवत असेल, तुला शहरातलं पहिलं मोठं काम मिळालं होतं. चंदाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या दोंडाईचाला शिकवलेल्या. तू मला फोन करून विचारलंस, "संजू, तुमच्या त्या बोर्डाला पाणी चालतं का रे?" नाना, तू मला लाकडाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतंस. लहानपणी माझ्या हाताला रंधा सरळ चालत नव्हता म्हणून आबांनी मला शाळेत ठेवलं आणि तुला बाकावर. मी सगळ्यांच्या लेखी सुतारकीतून बाद झालेला. आणि तू मला विचारत होतास. मी "नाही" म्हणायला हवं होतं, किंवा "थांब, चांगला माल येऊ दे" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चालतं म्हणजे? पोहायला सोड." मनाशी हिशेब केला, पाण्याची परीक्षा सिल्वासासाठी, आपल्याकडे तर आठ महिने जमिनीला भेगा. तिथं कुठलं पाणी? सिंकखाली दोंडाईचा आणि सिल्वासा एकच असतात, एवढं मला कळलं नाही.

माझ्या शब्दावर तू फळीच्या पोटाला नाव लिहिलंस. दीड वर्षानं तीच फळी फुगून खाली आली. चंदाताई ओरडल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्यांनी ती फळी तुला परत दिली आणि म्हणाल्या, "रघुनाथ, तुझं नाव आहे. तुझ्याकडेच असू दे." हे तू मला फोनवर सांगितलंस आणि एकच विचारलंस, "संजू, माल कसा होता?" मी म्हणालो, "चांगला. नळ गळत असेल." तू सिंकखाली आडवा होऊन नळ तपासून आला होतास. कोरडा होता. तू फोन ठेवलास. आबांच्या दिवसांना आपण शेजारी शेजारी बसलो, तरी तू बोलला नाहीस. मी नऊ वर्षं मंजुषाला सांगत आलो की माझा भाऊ हट्टी आहे.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती कुणालाच सांगितलेली नाही, कारण शाबासकी ऐकून घ्यायला तोंड नव्हतं. त्यानंतर मी एकही फुली पुसलेली नाही. चार वर्षांपूर्वी एक थप्पी उकळताना सुटली. पुण्याचे शंतनुसाहेब तेव्हा नवीन आले होते. म्हणाले, "मिस्तरी, ट्रक उभा आहे. एवढ्याशा फरकानं काय होतं?" मी पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "साहेब, सही तुम्ही करा. मी बाजूला होतो." त्यांनी ट्रक रिकामा परत पाठवला. महिन्याभरानं त्या खोलीची जबाबदारी मला दिली. माझ्या हाताखालून बाहेर पडलेल्या प्रत्येक थप्पीसाठी मी सकाळी देवापुढे उभा राहून उत्तर देऊ शकतो. फक्त त्या एकवीस फळ्या सोडून.

चार खाचांचा तुकडा ओंकारबरोबर पाठवतोय. हवं ते कर. चावून बघ.

ये म्हणायचा हक्क मला नाही. पण सांगाडे उभे करायला मी दुसऱ्या कुणालाही बोलावलेलं नाही. जुनी कपाटं काढून झालीत. मंजुषा गॅलरीत शेगडी मांडून स्वयंपाक करते. पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत, एवढं कारण तिला सध्या पुरतंय. पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे कारण उरणार नाही.

तुझा संजू


सिल्वासा, २७ सप्टेंबर २०२५

नाना,

वहिनींचा फोन आला. त्या काय बोलल्या ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो. नाहीतर म्हणशील, मागून बोलतात.

म्हणाल्या, "संजूभाऊ, पत्र वाचलं त्यांनी. दोनदा. मग जेवले नाहीत. सकाळी उठून तुमचा तो तुकडा म्हशीच्या हौदात टाकला, वर धोंडा ठेवला. रोज काढतात, नख लावून बघतात, परत टाकतात. म्हैस पाण्याला तोंड लावायला बिचकते, भो."

मी विचारलं, "आणि ती बाकावरची फळी?"

"ती काल बंबात घातली. मेलीनं असा धूर केला, शेजारची सोनी धावत आली, घर पेटलं का म्हणून. पाणी मात्र कडकडीत तापलं. दोघांच्या आंघोळी झाल्या."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, त्याला सांग, सिंकखालचं माप पाठव. इंचात पाठव म्हणाले. त्याला मिलीमीटरची सवय लागली असेल."

मी फोन कानाला धरूनच टेप शोधायला उठलो. वहिनी समजल्या, त्यांनीच म्हशीचं पुढे चालू ठेवलं.

तर माप. रुंदी छत्तीस, खोली बावीस, ओट्याच्या खालपासून फरशीपर्यंत एकतीस. तीनदा मोजलं, आबांच्या टेपनं. उजवा कोपरा गुण्यात नाही, काटकोन चुकलाय, मागे अर्धा इंच बाहेर जातो. बिल्डरचं काम. पाइप डाव्या हाताला, भिंतीपासून सात इंच.

मंजुषा विचारते, "भाऊजी खरंच येणार? की अजून महिनाभर मी गॅलरीत पोळ्या लाटू? समोरच्या बिल्डिंगला माझी पोळी किती गोल आहे ते आता पाठ झालंय." मी सांगितलं, दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी तो पटाशीला हात लावत नाही. त्यानंतर बघू. मी "येणार" म्हणालो नाही, तरी तिनं पाहुण्यांची गादी उन्हात टाकली.

तुझा संजू


सिल्वासा, १९ ऑक्टोबर २०२५

नाना,

तू गेलास त्याला चार दिवस झाले. नीट पोचल्याचं वहिनींनी कळवलं. उद्या-परवा दिवाळी आहे, घरात गडबड आहे, तरी आजच लिहायला बसलो. का, ते शेवटी सांगतो.

वापी स्टेशनवर तू पिशवी माझ्या हातात दिली नाहीस. हत्यारं आहेत म्हणालास. मला वाटलं, अजून राग आहे. घरी आल्यावर बघितलं तर वर हत्यारं आणि खाली वहिनींनी दिलेले आपल्याकडच्या दादर ज्वारीचे पाच किलो. मग कळलं, मला वजन लागू नये म्हणून.

आल्या आल्या तू देव्हारा टीव्हीच्या टेबलावर बघितलास आणि पहिलं वाक्य बोललास: "देवांना सिरियली दाखवतोस?" नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी ते आयुष्यभर जपणार आहे.

मग तू प्लायजवळ बसलास. ढोपरावर. पल्लवी माझ्याकडे बघून हसली. तू कड बघितलीस, वास घेतलास, बोटाच्या पेरानं इथून तिथवर वाजवत गेलास, जसे आबा कलिंगड वाजवायचे. मी दारात उभा होतो. रोज थप्प्या पास-नापास करणारा मी, आज निकालाची वाट बघत होतो. तू म्हणालास, "आवाज भरीव आहे." एवढंच. शंतनुसाहेबांनी कारखान्याच्या कार्यक्रमात मला शाल दिली होती, त्या दिवशी इतकं वाटलं नव्हतं.

अकरा दिवस तू त्या जुन्या गोष्टीचं नाव काढलं नाहीस. फक्त एकदा, मोठी फळी माझ्या हातून सटकली तेव्हा म्हणालास, "धर नीट. धरायचंही विसरलास का?" मी धरली. सगळ्या कडांना तू स्वतः रंग पाजलास, आतल्या, न दिसणाऱ्यासुद्धा. पाय स्टीलचे घेतलेस, चार इंच उंच, म्हणजे फरशी धुतली तरी पाणी खालून जाईल. सिंकमागे पाठ उघडी ठेवलीस, हवा खेळायला. पल्लवीला राखाडी सनमायका लावून दिलास, वर म्हणालास, "पोरीचं तोंड रंगवायला काय हरकत, हाडं चांगली आहेत." तुझा गुण्या त्या वाकड्या कोपऱ्यात लावून तू बिल्डरला जे म्हणालास ते मी लिहीत नाही, मंजुषा पत्र वाचते.

शेवटच्या दिवशी मी पेन्सिल तुझ्यापुढे धरली. तू सिंकखालची आडवी फळी पालथी करून माझ्यासमोर ठेवलीस.

"लिही," म्हणालास.

"नाना, काम तुझं."

"माल तुझा. लिही."

मी आयुष्यात पहिल्यांदा लाकडावर नाव लिहिलं. "संजय. आबा सुताराचा धाकटा." अक्षर वाकडं आलं. तू ते वाचलंस, पेन्सिल घेतलीस, कानामागे लावलीस आणि फळी बसवायला उचललीस. मी वाट बघत होतो. तू लिहिलं नाहीस. देव्हारा भिंतीवर चढवलास, देवांना हात जोडलेस, म्हणालास, "गाडी किती वाजता?" वापीपर्यंत मी काही विचारलं नाही. आलास हेच खूप, असं मनाला समजावत परत आलो. काही गोष्टी मोडल्यावर जुळत नाहीत आणि तुझं नाव लिहिणं ही त्यातली एक असेल, असं धरून चाललो.

आज दुपारी पल्लवी मैत्रिणीला दाखवायला फोटो काढत होती. सिंकखाली अंधार म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून ढोपरावर बसली. ओरडली, "बाबा, इथं आणखी कुणीतरी लिहिलंय!"

मी आडवा झालो. फळीच्या वरच्या अंगाला, पाइपच्या पाठीमागे, भिंतीलगत. पाइप गळला तर पाणी पहिल्यांदा जिथं पडेल, नेमकं तिथं. तुझं अक्षर. "रघुनाथ. आबा सुताराचा थोरला. दसऱ्यानंतर, २०२५." कधी लिहिलंस? मी पाइपवाल्याला बोलवायला गेलो होतो, तेव्हा असणार.

मग मंजुषा वाकून बघून आली. मग शेजारच्या काकूंना बोलावलं, त्या गुडघे धरत खाली बसल्या. मी प्रत्येकाला सांगितलं, हा माझा भाऊ. मंजुषा म्हणाली, आता मी इथं बादली ठेवणार नाही, पाणी सांडलं तर नाव जाईल. मी म्हटलं, ठेव.

आणि नाना, सगळे बाहेर गेल्यावर मी तांब्याभर पाणी घेतलं आणि देवाचं नाव घेऊन त्या कोपऱ्यात ओतलं. चांगला अर्धा तास राहू दिलं. मग ओल्या फडक्यानं पुसलं, एका बाजूनं दुसरीकडे, जोर लावून. हाताला ते काम माहीत होतं.

फळी जशीच्या तशी. तुझं अक्षरही.

तुझा संजू